सहाव्या गटाचं काम

"एक, दोन, तीन, चार, पाच. एक, दोन, तीन, चार, पाच."

भूगोलाचे सर सातवीच्या वर्गात बाकांमधून फिरत होते आणि एकेका डोक्यावर बोट टेकवून आकडे वाटत होते. ज्यांना एक आकडा आला ते पहिल्या गटात, ज्यांना दोन ते दुसऱ्या गटात, इतका साधा मामला. मुलं एकतीस, गट पाच. म्हणजे पहिल्या गटात एक डोकं जास्त होणार, एवढाच काय तो गुंता, आणि तो सरांनी आदल्या दिवशीच वहीत सोडवून ठेवला होता. पण शेवटचं बाक खिडकीशी आहे, हे त्यांनी वहीत लिहिलं नव्हतं.

खिडकीबाहेर समोरच्या गच्चीवर कुणीतरी पांढऱ्या चादरी वाळत घातल्या होत्या. वारा आला की त्या टम्म फुगायच्या आणि ती अख्खी गच्ची जागची सुटून हळूहळू प्रवासाला निघाल्यासारखी वाटायची. सरांनी तिसाव्या डोक्यावर बोट ठेवलं, "पाच" म्हणाले आणि सहज बाहेर बघितलं. गच्ची निघाली होती. आता ती पाण्याच्या टाकीला डावीकडून वळसा घालणार की उजवीकडून, या विचारात त्यांनी एकतिसाव्या डोक्यावर बोट ठेवलं आणि मोजणी तशीच पुढे चालवली.

"सहा."

ते डोकं होतं लवंगेचं. वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी. नाव तिला वर्गानंच दिलेलं, आणि ती चिडत नसल्यामुळे ते टिकलेलं.

"मग मी सहावा गट का, सर?"

"हो ना," सर म्हणाले. गच्ची टाकीच्या उजवीकडून गेली होती.

आता तुम्ही म्हणाल, शिक्षकानं इतकं तंद्रीत असावं का? असू नये. सरांनाही ते मान्य होतं. पण तंद्री काही विचारून लागत नाही. लोकांना शिंका येतात तशा सरांना तंद्र्या यायच्या. गेली बावीस वर्षं शाळेनं त्या चालवून घेतल्या होत्या. या सोमवारी मात्र मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापक बाईंनी, त्यांना बोलावून घेतलं होतं.

"सर, परवा तुम्ही नदीचं खोरं शिकवत होतात."

"हो."

"मध्येच थांबलात."

"विचार करत होतो, बाई."

"घंटा झाली तरी थांबलेलेच होतात. मुलं पुढच्या तासाला निघून गेली. चित्रकलेच्या बाई आत आल्या, फळा पुसून गेल्या. तुम्ही आपले तिथंच!"

"खोरं मोठं होतं, बाई," सर म्हणाले.

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा काढला की समोरच्यानं घाबरावं अशी शाळेत पद्धत होती.

"हे बघा. पुढच्या गुरुवारी दहा वाजता तपासणीच्या बाई येतायत. त्यांना एका वर्गाचं गटकार्य बघायचंय, आणि चिठ्ठीत तुमचा वर्ग निघालाय. माझं नशीब! मुलांनी मिळून काम करायचं, शिक्षकानं फक्त वाट दाखवायची. नीट पार पडलं तर ठीक. नाहीतर पुढच्या सत्रापासून सातवी नव्या बाईंकडे, आणि तुम्ही तळघरातल्या नकाशांच्या खोलीत. जुन्या नकाशांची यादी करायची कधीची राहिलीय."

बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, तंद्रीत राहणाऱ्या माणसाला नकाशांची खोली म्हणजे सुखच की! पण त्या खोलीला खिडकी नव्हती. आणि मुलं नव्हती. सरांचा या मुलांवर जीव होता. बोलून दाखवणं त्यांना जमत नसे, एवढंच.

"आणि शिक्षकांनीही एकत्र काम करायला पाहिजे," मोठ्या बाईंनी एक कागद अभिमानानं पुढे केला. "तपासणीच्या बाई आपल्या भागात पहिल्यांदाच येतायत. म्हणून पत्रासोबत रस्त्याचा नकाशा पाठवलाय. पाच शिक्षकांनी मिळून केला. ही त्याची प्रत."

"मला सांगितलं असतंत तर..."

"तुम्हाला सांगितलं असतं तर अजून खोऱ्यातच असतात."

सरांनी कागदावर नजर टाकली. चौकट झकास होती, बाण सुंदर होते. बाणांच्या मागोमाग सरांची नजर निघाली ती चौकटीबाहेर जाऊन कोपऱ्यातल्या वेलबुट्टीत शिरली, आणि बाई "या आता" म्हणाल्या तेव्हा बाहेर आली.

घरी आल्यावर सरांनी बायकोला सगळं सांगितलं. ती पडद्याला टीप घालत बसली होती.

"गटानं काम म्हणजे काय होतं ते तुम्हाला वेगळं शिकायला नको," ती दोरा तोडत म्हणाली. "मावशींकडे निघालो होतो तेव्हा आठवतंय ना? तुम्ही, मी, भावोजी, वन्सं. चार मोठी माणसं. घराला कुलूप कुणी लावलं?"

"मला वाटलं, भावानं लावलं."

"भावोजींना वाटलं वन्संनी, वन्संना वाटलं मी. तीन दिवस दार सताड उघडं."

"पण चोरी कुठं झाली?"

"चोराला वाटलं असेल, दुसरा कुणीतरी करून गेला."

सर हसले, पण त्यांच्या मनात खिडकी नसलेली खोली होती. बायकोनं शिवणयंत्र थांबवलं.

"अहो, असं तोंड पाडू नका. एकच करा. मुलांना काम द्या आणि तुम्ही मध्ये मध्ये करू नका. ते तर तुम्हाला सहज जमतं."

काम सरांनी छान शोधून काढलं. शाळेच्या आसपासच्या भागाचा नकाशा. शाळेच्या फाटकापासून पाच रस्ते फुटत होते आणि पुढे वळणावळणांनी एकमेकांना मिळत होते; प्रत्येक गटाला एकेक रस्ता. "फाटकातून बाहेर पडायचं आणि मोजायला लागायचं," सरांनी सांगितलं. "मोजायचं पावलांनी. शंभर पावलं म्हणजे कागदावर एक वीत. गुरुवारी सगळ्यांचे कागद सभागृहात जमिनीवर मांडायचे, एकमेकांना जोडायचे, की झाला पूर्ण नकाशा." प्रत्येक गटात एक गटप्रमुख, एक लेखनिक आणि एक वेळ सांगणारा नेमायचा होता.

"आणि सहाव्या गटाला कुठला रस्ता?" लवंगेनं विचारलं.

सर दचकले. रस्ते पाचच होते. "अगं, तू जा की पहिल्या गटात."

"नको सर. त्यांच्यात गटप्रमुख कोण यावरून भांडण लागलंय. माझ्या गटात तसलं काही नाही."

हे खरंच होतं. पाचही गटांतून नुसता कालवा चालला होता आणि सहावा गट हाताची घडी घालून शांत बसला होता. असा गट मोडायचं सरांच्या जिवावर आलं. "बरं, मग तू... बघ," ते म्हणाले.

"काय बघायचं?"

"बघत राहायचं," सर म्हणाले. त्यांच्या मते जगातलं हे सगळ्यात चांगलं काम होतं.

लवंगेनं वहीत लिहिलं, 'सहावा गट. काम: बघत राहणे.' मग तिनं गटप्रमुख म्हणून स्वतःला नेमलं, लेखनिक म्हणून स्वतःला नेमलं, आणि घड्याळ होतंच मनगटाला. रोज मधल्या सुट्टीत खिडकीशी गटाची बैठक भरू लागली. मंगळवारी लवंगेला सर्दी झाली आणि ती घरीच राहिली, तर बुधवारी लेखनिकानं नोंद केली, 'काल गटप्रमुख, लेखनिक आणि वेळ सांगणारी असे सगळेच गैरहजर असल्याने बैठक रद्द. कुणाचीही तक्रार नाही.'

बाकीच्या गटांनी मात्र रस्ते नुसते घुसळून काढले. बुधवारी दुपारी सरांनी पहिल्यांदा कागद बघितले आणि खुर्ची ओढून बसले.

पहिल्या गटानं मोजायला जिराफला पुढे केलं होतं. ही वर्गातली सगळ्यात उंच मुलगी. तिच्या ढांगांनी बसथांब्यापर्यंतचा मोठा रस्ता जेमतेम दोन वितींत आटोपला होता. दुसऱ्या गटाचा प्रमुख वकील. तो खराखुरा वकील नव्हता, बारा वर्षांचाच होता, पण त्याला कुठलीच गोष्ट एका दमात मान्य होत नसे. दर पन्नास पावलांना कुणीतरी "सत्तेचाळीसच झाली" म्हणे, वाद होई आणि मोजणी पुन्हा फाटकापासून सुरू होई. म्हणून त्यांचा रस्ता पन्नास पावलांवर येऊन थांबला होता, आणि पुढे वकिलानं 'निकाल राखून ठेवला' असं लिहिलं होतं.

तिसऱ्या गटात दोन जुळे भाऊ होते. त्यांचं आपसात बोलणं बंद होतं, तेव्हा दोघांनी आपापली पावलं वेगवेगळी मोजली.

"मग रस्ता इतका लांब कसा काय?" सरांनी विचारलं. तिसऱ्या गटाच्या कागदाला आणखी दोन कागद डकवलेले होते.

"दोघांची बेरीज केली, सर," एक जुळा म्हणाला.

"बेरीज?"

"एकाचंच घेतलं असतं तर दुसऱ्याची मेहनत वाया गेली असती," दुसरा म्हणाला. गेल्या आठवड्याभरात ते दोघं पहिल्यांदाच एका बाजूनं बोलत होते, म्हणून सरांना रागावताही येईना.

चौथ्या गटात वेळ सांगणारा इतका जोरदार होता की पावलं मोजायची राहूनच गेली. त्यांचा रस्ता आठ मिनिटं लांब होता. आणि पाचव्या गटाच्या लेखनिकानं पावलं सोडून सगळं टिपलं होतं: शिंप्याच्या काचेतला बिनडोक्याचा पुतळा, भुंकणारं कुत्रं, न भुंकणारं कुत्रं, टेकायला बरी भिंत, टेकलं तर रंग लागणारी भिंत.

"एक वीत म्हणजे तरी कुणाची वीत?" सरांनी खोल आवाजात विचारलं.

"ज्याची त्याची," सगळे एकदम म्हणाले. या एका गोष्टीवर पाचही गटांचं एकमत होतं.

गुरुवारी सकाळी सभागृहातली बाकं भिंतीला लावली. मुलं आपापली भेंडोळी घेऊन आली. सर मधोमध उभे राहिले. कागद एकमेकांना कसे जोडायचे हे त्यांना काही केल्या उमगत नव्हतं. बसथांबा दोन वितींवर आणि जुळ्यांची पिठाची गिरणी अकरा वितींवर; प्रत्यक्षात दोन्ही एकमेकांसमोर! विचार करता करता त्यांना दिसू लागलं, की असं एखादं गाव असेल तर? जिथं उंच माणसाला घर जवळ आणि बुटक्याला लांब. जिथं भांडण लागलं की रस्ता पुढे जायचा थांबतो, आणि दोघं जण एका रस्त्यानं गेले की तो दुप्पट होतो. खोटं कुठं आहे त्यात? बायकोबरोबर बाजारात जाताना रस्ता दुप्पट होतोच की.

"सर, जरा सरकता का?" जिराफनं विचारलं.

सर गावात होते. त्यांना ऐकू आलं नाही.

"राहू दे गं," वकील म्हणाला. "सरांच्या भोवतीनं मांडू." आणि पाचही गटांनी आपापलं फाटकाकडचं टोक सरांच्या बुटांकडे करून कागद पसरले. जुळ्यांचा रस्ता भिंतीवर चढवावा लागला.

दहा वाजले. मोठ्या बाई आल्या, त्यांच्यामागून पाच शिक्षक आले. सव्वादहा झाले, साडेदहा झाले. तपासणीच्या बाईंचा पत्ता नव्हता. मोठ्या बाईंनी सरांकडे बघितलं, मग नकाशाकडे, मग भिंतीवर चढलेल्या रस्त्याकडे, आणि त्यांचा हात चष्म्याकडे निघाला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"मी केव्हाची फिरतेय!" फोनमधला आवाज एवढा मोठा होता की सभागृहाला ऐकू गेला. "तुमच्या नकाशाप्रमाणंच आले. बाण संपतात तिथं काहीच नाहीये. आता एका शिंप्याच्या दुकानासमोर उभी आहे. एकाला विचारलं तर तो इकडं म्हणतो, दुसऱ्याला विचारलं तर तिकडं."

"शिंपी? कुठला शिंपी?" मोठ्या बाईंनी शिक्षकांकडे बघितलं. पाचांनी पाच दिशांना हात केले.

"त्यांना विचारा, काचेत पुतळा आहे का बिनडोक्याचा," पाचव्या गटाचा लेखनिक म्हणाला.

"आहे," फोन म्हणाला.

"कोट निळा की तपकिरी?"

"निळा. का रे?"

"मग तुम्ही आमच्या रस्त्यावर आहात!" पाचवा गट ओरडला आणि सहाच्या सहा जण कागदावर गुडघे टेकून बसले. मोठ्या बाईंच्या हातातला फोन कधी त्यांच्याकडे गेला ते त्यांनाही कळलं नाही. "बाई, पुतळ्याकडे पाठ करा. सरळ या. कुत्रं भुंकेल तिथं वळायचं. न भुंकणाऱ्या कुत्र्याशी नाही."

फोनमधून पावलांचा आवाज येऊ लागला. मग एक कुत्रं भुंकलं. "वळले," फोन म्हणाला.

लेखनिक फोन पुढे धरून कागदावरून रांगत होता आणि त्याच्याबरोबर तो आवाज हळूहळू रस्ता चालत होता. टेकायला बऱ्या भिंतीशी तो दम घ्यायला थांबला. नंतर रस्ता चौथ्या गटाच्या ताब्यात आला. "इथून तीन मिनिटं चाला," घड्याळवाला म्हणाला, आणि तीन मिनिटं सगळे त्याच्या मनगटावर वाकून राहिले. "झाली. थांबा! समोर दोन रस्ते आहेत ना? डावा आमचा नाही, तो जुळ्यांचा आहे. तिकडं गेलात तर संपणारच नाही. उजवा घ्या, तो जिराफच्या गटाचा."

"उजव्या बाजूला एक उंच मुलगा खांबाला टेकलाय," फोन म्हणाला.

"तो माझा दादा," जिराफ म्हणाली. "त्याला शाळा विचारू नका, तो चुकीचं सांगतो. त्याच्या पुढं वीस ढांगा टाका. माझ्या ढांगा. तुमच्या तीस."

सर मधोमध उभे होते आणि ते सगळं बघत होते. त्यांना कागदावर एक बोटभर बाई चालताना स्वच्छ दिसत होत्या. पेन्सिलीच्या रेघांच्या मधून, शिसाची धूळ उडवत. सरांनी हूं की चूं केलं नाही. बोललं तर त्या दचकतील असं त्यांना वाटत होतं.

"तीस झाल्या," फोन म्हणाला. "आता?"

जिराफनं कागदाकडे बघितलं. तिचं बोट सरांच्या बुटाला लागलं होतं. "आता... आता कागद संपला, बाई."

"कागद संपला म्हणजे? मी कुठं जाऊ?"

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. खिडकीत सहावा गट उभा होता. सकाळपासून तो तिथंच होता. त्याला दुसरं कामच नव्हतं.

"त्यांना म्हणावं वर बघा," लवंग म्हणाली, आणि दोन्ही हात हलवू लागली. "मला दिसतायत. फाटकातच उभ्या आहेत."

दोन मिनिटांनी तपासणीच्या बाई सभागृहात आल्या. चपला धुळीनं भरलेल्या, हातात एक जड पिशवी. त्यांनी पाणी घेतलं, खुर्ची नको म्हणाल्या आणि ज्या रस्त्यानं आल्या तो कागदावर पुन्हा एकदा वाकून वाकून बघितला. कुत्र्याशी हसल्या. मग सरळ झाल्या.

"सगळं आहे यात. शाळा कुठंय?"

पहिल्या गटानं दुसऱ्याकडे बघितलं. दुसऱ्यानं तिसऱ्याकडे.

"शाळा आमच्याकडे नव्हती," वकील उठून उभा राहिला. "आमचं काम फाटकापासून पुढचं. सरांनीच सांगितलं होतं, बाहेर पडायचं आणि मोजायला लागायचं."

"आम्हाला वाटलं पाचवा गट काढेल."

"आम्हाला वाटलं पहिला."

सर खाडकन गावातून परत आले. खरंच की. पाच रस्ते वाटले होते, शाळा कुणालाच दिली नव्हती. त्यांच्या डोळ्यांसमोर कुलूप नसलेलं दार आलं, आणि त्याच्यामागं ती बिनखिडकीची खोली. मुलांची काही चूक नव्हती. बाईंना कुणीतरी तसं सांगायला हवं होतं.

"भूगोलाचा नकाशा, आणि त्यात शाळाच नाही!" मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "बघितलंत? मी म्हणतच होते, हे सर म्हणजे..."

"एक मिनिट," तपासणीच्या बाईंनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. "हा तुम्ही पाठवलेला. यात तरी कुठंय?"

मोठ्या बाईंनी चष्मा पुन्हा घातला. चौकट होती, बाण होते, कोपऱ्यात वेलबुट्टी होती.

"मी चौकट आखली," चित्रकलेच्या बाई घाईघाईनं म्हणाल्या.

"बाण माझे," खेळाचे सर म्हणाले. "शाळा मला वाटलं गणिताचे सर..."

"मी अंतरं तपासली फक्त. शाळा भाषेच्या बाई..."

"मी वेलांट्या बघितल्या! शास्त्राच्या सरांना विचारा."

शास्त्राचे सर छताकडे बघत होते.

"आणि खाली ही सही?" तपासणीच्या बाईंनी विचारलं.

"माझी," मोठ्या बाई म्हणाल्या. शाळेत आजवर त्यांचा इतका बारीक आवाज कुणी ऐकला नव्हता.

"सहाव्या गटाला बोलायचंय," लवंगेनं हात वर केला.

"सहाव्या गटात कोण कोण आहे?"

"मीच."

"बरं. बोला."

"शाळा आहे की, बाई. ती काय. सर उभे आहेत ना, तिथं."

सगळ्यांनी बघितलं. पाच रस्ते पाच बाजूंनी येऊन सरांच्या बुटांशी थांबले होते आणि मधे एक रिकामा चौकोन राहिला होता. त्या चौकोनात सर उभे होते, खडूचे हात पाठीशी बांधून. सर गडबडून बाजूला व्हायला निघाले, तशी तीस मुलं एकदम ओरडली, "सर, हलू नका!"

सर एक पाय उचललेल्या अवस्थेत थांबले.

"पाय टेका सर," तपासणीच्या बाई म्हणाल्या. "मी फोनवर होते तेव्हापासून तुमचा एक शब्द ऐकला नाही. पोरं चुकत होती, निस्तरत होती, तुम्ही मधे पडला नाहीत. गटकार्यात शिक्षकानं गप्प राहावं, यावर मी वीस वर्षं दीड-दीड तास भाषणं देतेय. गप्प राहिलेला शिक्षक आज पहिल्यांदा बघितला."

हो म्हटलं असतं तर तिथंच सगळं मिटलं असतं. पण सर पडले सरळ माणूस.

"बाई, खरं सांगू? माझं लक्षच नव्हतं. म्हणजे होतं, पण तुमच्याकडे. तुम्ही या कागदावरून चालत होतात. कुत्रं भुंकलं तेव्हा पिशवी या हातातून त्या हातात घेतलीत, आणि मग वळलात. माफ करा. आणि शाळेचं राहिलं ते माझ्यामुळं, मुलांमुळं नाही."

तपासणीच्या बाईंनी आपल्या हातातल्या पिशवीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्या वहीत लिहायला लागल्या.

काय लिहिलं ते कुणाला कळलं नाही. पण जाताना त्यांनी मोठ्या बाईंना विचारलं, "पुढच्या सत्रात ही मुलं कुणाकडे?"

मोठ्या बाईंनी हातातल्या वेलबुट्टीच्या नकाशाची घडी घातली, आणखी बारीक घडी घातली, मुठीत घेतली. "सरांकडेच," त्या म्हणाल्या. "दुसरीकडं कशाला?"

तळघरातल्या नकाशांची यादी करायला एक समिती नेमली गेली. पाच जणांची. यादी अजून व्हायचीय.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत लवंगेनं एक छोटा चौकोनी कागद सरांच्या टेबलावर आणून ठेवला. सहाव्या गटानं एकमतानं शाळा काढली होती. भिंती थोड्या तिरक्या होत्या, फाटक मोठं होतं, आणि वरच्या मजल्याला एकच खिडकी होती. खिडकीत एक डोकं होतं.

"ही तू ना? हात हलवतेयस?"

"नाही सर. हे तुम्ही."

सरांनी कागद जवळ धरला. डोकं खिडकीतून बाहेर बघत होतं. त्यांना जरा ओशाळल्यासारखं झालं. "म्हणजे शाळेच्या नकाशातसुद्धा मी बाहेरच बघतोय की गं."

"बघणारच ना," लवंग म्हणाली. "पाचही गट रस्ते मोजायला गेलेत. सगळे परत येतायत का ते बघताय तुम्ही."

सरांनी मान हलवली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. समोरच्या गच्चीवर आज चादरी नव्हत्या. तरीही ते बराच वेळ तिकडेच बघत राहिले, कारण डोळे भरून आले होते, आणि घंटा झाली तेव्हा पहिल्यांदाच ती त्यांना ऐकू आली.